जोडीदार परदेशी, संसार परक्या देशात: व्हिसा नेमका कोणाच्या हक्कावर मिळतो?

ब्रिटनने ११ एप्रिल २०२४ पासून एक आकडा बदलला. परदेशी नवऱ्याला किंवा बायकोला तिथे बोलावून घ्यायचं, तर तोवर बोलावणाऱ्याचं वार्षिक उत्पन्न १८,६०० पौंड असलं की पुरत होतं. नव्या अर्जदारांसाठी ते एकदम २९,००० पौंड झालं. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून तिथे शिकायला जाणाऱ्या बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना जोडीदार सोबत नेणं बंद झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये कॅनडाने विद्यार्थ्यांच्या आणि नोकरदारांच्या जोडीदारांना मिळणारा कामाचा खुला परवाना, म्हणजे एकाच कंपनीशी न बांधलेला परवाना, मोजक्या गटांपुरता ठेवला. अशी प्रत्येक बातमी आली की दोन वेगवेगळे पासपोर्ट असलेली जोडपी धास्तावतात. आपल्याला हे लागू आहे का? आधी लग्न करायचं की आधी अर्ज? एकाने पुढे जावं का?

यातला बराचसा गोंधळ एका समजुतीतून येतो. जोडप्याला वाटतं, सरकार आपलं नातं तपासतं आणि नातं खरं असेल तर व्हिसा देतं. नातं तपासलं जातं, पण ते नंतर. सरकारचा पहिला प्रश्न वेगळाच असतो: तुम्हा दोघांपैकी इथे राहण्याचा हक्क कोणाला आहे, आणि त्या हक्कात जोडीदाराला आणण्याची मुभा आहे का? या प्रश्नाचं उत्तर सापडलं की कागदपत्रं, पैसे, लग्नाची वेळ हे सगळं आपोआप रांगेत लागतं. ते सापडलं नाही, तर कितीही पुरावे गोळा केले तरी अर्ज चुकीच्या खिडकीवरच जातो.

पुढे चार शब्द वारंवार येतील, ते आधी सांगून ठेवतो. व्हिसा म्हणजे त्या देशात प्रवेश करण्याची परवानगी. रहिवास परवाना म्हणजे आत गेल्यावर ठरावीक काळ राहण्याची परवानगी. अनेक देशांत या दोन वेगळ्या पायऱ्या असतात. ज्याच्या हक्कावर दुसरा माणूस येतो तो स्पॉन्सर, आणि जो येतो तो डिपेंडंट. रेल्वेचं इंजिन आणि त्याला जोडलेला डबा असं हे नातं आहे. इंजिन कुठवर जाणार त्यावर डब्याचा प्रवास ठरतो, आणि जोडणी सुटली की डबा जागीच थांबतो.

इंजिन कोणतं, ते आधी ठरवा

साधारणपणे चार शक्यता असतात. पहिली, दोघांपैकी एक जण त्या देशाचा नागरिक किंवा कायमचा रहिवासी आहे. दुसरी, एकाला तिथे नोकरी किंवा प्रवेश मिळाला आहे आणि दुसरा डिपेंडंट म्हणून जाणार आहे. तिसरी, एक जण युरोपीय संघातल्या एका देशाचा नागरिक आहे आणि दोघं संघातल्याच दुसऱ्या देशात जाणार आहेत. चौथी, दोघंही आपापल्या बळावर, आपापल्या नोकरीवर स्वतंत्र अर्ज करतात.

नागरिक आणि कायमचा रहिवासी या दोघांचे हक्क सारखे असतील असं धरून चालू नका. अमेरिकेत नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला वार्षिक कोट्याची मर्यादा नाही. ग्रीन कार्डधारकाच्या जोडीदाराला मात्र कोट्यात बसावं लागतं, म्हणजे रांग आली. कॅनडाचा नागरिक परदेशात राहूनही जोडीदाराला स्पॉन्सर करू शकतो. जोडीदार आल्यावर आपणही कॅनडात राहायला येणार, एवढं त्याने दाखवावं लागतं. कायमच्या रहिवाशाला तो अर्ज कॅनडात राहूनच करावा लागतो. दोघं मिळून बाहेर राहत असताना हा एक फरक अख्खा बेत बदलून टाकतो.

युरोपातली न पटणारी गोष्ट

तिसऱ्या शक्यतेवर थोडं थांबायला हवं, कारण इथे अनेक लोक हाती असलेला हक्क न वापरता परत फिरतात.

समजा, एक फ्रेंच बाई आणि तिचा ब्राझीलचा नवरा बर्लिनमध्ये राहायला जाणार आहेत. शेजारच्याच घरात एका जर्मन बाईला तिच्या भारतीय नवऱ्याला आणायचं आहे. कोणाचं काम सोपं? जर्मन बाई आपल्या स्वतःच्या देशात आहे, म्हणजे तिचं, असंच कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उलट आहे. जर्मन बाईला जर्मनीचा देशी कायदा लागू होतो, आणि त्यानुसार तिच्या नवऱ्याला सहसा येण्याआधीच जर्मन भाषेची ए-वन ही प्राथमिक पातळीची परीक्षा द्यावी लागते. फ्रेंच बाई मात्र दुसऱ्या सदस्य देशात जाऊन राहते आहे, म्हणून तिला युरोपीय संघाचा २००४ सालचा मुक्त संचाराचा कायदा लागू होतो. तिच्या नवऱ्याला भाषेची परीक्षा नाही. व्हिसा लागलाच तर तो विनाशुल्क आणि लवकर द्यायचा असतो. आत आल्यावर रहिवास कार्ड अर्जापासून सहा महिन्यांच्या आत मिळायला हवं, आणि ते सहसा पाच वर्षांचं असतं. बाई नोकरी किंवा स्वतःचा व्यवसाय करत असेल तर उत्पन्नाचा ठरावीक आकडाही गाठावा लागत नाही.

असं का? संघाची मूळ कल्पना ही की सदस्य देशांच्या नागरिकांनी एकमेकांच्या देशांत मोकळेपणाने जाऊन काम करावं. कुटुंब मागे ठेवावं लागणार असेल तर कोण जाईल? म्हणून कुटुंब सोबत नेण्याचा हक्क संचाराच्या हक्काला जोडला. जो आपल्याच देशात बसून आहे त्याने संचार केलेलाच नाही, म्हणून तो या कायद्याच्या बाहेर राहतो.

मग तो बाहेर जाऊन परत आला तर? हा प्रश्न सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाच्या खटल्यात लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापुढे आला होता. १९८२ मध्ये त्यांचं ब्रिटिश स्त्रीशी लग्न झालं, मग दोघांनी काही वर्षं जर्मनीत नोकरी केली आणि ते ब्रिटनमध्ये परतले. १९९२ मध्ये न्यायालयाने म्हटलं की दुसऱ्या सदस्य देशात काम करून मायदेशी परतणाऱ्या नागरिकाच्या जोडीदाराला, ते दुसऱ्या सदस्य देशात गेले असते तर मिळाले असते, निदान तेवढे हक्क मिळायलाच हवेत. ब्रिटन आता संघात नाही, पण उरलेल्या सदस्य देशांत हे तत्त्व आजही चालतं. अट एकच, दुसऱ्या देशातला मुक्काम खरा असावा आणि तीन महिन्यांहून अधिक असावा. सुट्टीला जाऊन आल्याने तो हक्क मिळत नाही.

युरोपीय पासपोर्ट असलेल्या जोडीदाराबरोबर तुम्ही संघातल्या दुसऱ्या देशात निघाला असाल, तर त्या देशाचा साधा कौटुंबिक व्हिसा भरायला घेण्याआधी हा मार्ग विचारा. वकिलातीच्या संकेतस्थळावर तो अनेकदा वेगळ्या पानावर असतो आणि पहिल्या फेरीत नजरेतून सुटतो.

लग्न केलेलं नाही. मग दार बंदच का?

काही देशांत बंद, काहींत उघडं, काहींत अर्धवट. ऑस्ट्रेलियात अर्जाआधी किमान १२ महिने लग्नासारखं सहजीवन असेल तर विवाहित जोडप्यासारखाच जोडीदार-व्हिसा मिळू शकतो. तिथल्या एखाद्या राज्यात नातं नोंदवलं असेल तर १२ महिन्यांची अटही लागत नाही. कॅनडात सलग १२ महिने एका घरात राहिलेलं जोडपं कॉमन-लॉ जोडीदार, म्हणजे लग्नाशिवायही कायद्याने मानलेले जोडीदार, ठरतं. ब्रिटन किमान दोन वर्षं टिकलेलं लग्नासारखं नातं मागतं. नेदरलँड्समध्येही अविवाहित जोडीदाराला टिकाऊ नात्याच्या आधारावर परवाना मिळतो.

अमेरिकेत एकाच्या नोकरीच्या व्हिसावर दुसऱ्याला डिपेंडंट म्हणून न्यायचं तर लग्न लागतंच. अविवाहित जोडीदाराला तिथे फार तर पाहुण्याच्या व्हिसावर लांबचा मुक्काम मिळू शकतो, कामाची परवानगी नाही. नागरिकाच्या वाग्दत्त वधूवरांसाठी के-वन नावाचा व्हिसा आहे: देशात शिरल्यापासून ९० दिवसांत लग्न करायचं, आणि अर्जाआधीच्या दोन वर्षांत दोघं निदान एकदा प्रत्यक्ष भेटलेले असायला हवेत. जर्मनी अविवाहित जोडीदाराला सहसा कौटुंबिक व्हिसा देत नाही, मात्र तिथे येऊन लग्न करण्यासाठीचा व्हिसा देते.

या सगळ्यात एक क्रूर कोडं आहे. एकत्र राहिल्याचा पुरावा दाखवल्याशिवाय व्हिसा नाही, आणि व्हिसाशिवाय एकत्र राहता येत नाही. कॅनडाने हे ओळखून आणखी एक प्रवर्ग ठेवला आहे. नातं किमान वर्षभराचं आहे, पण व्हिसाच्या किंवा कायद्याच्या अडथळ्यामुळे एकत्र राहता किंवा लग्न करता आलं नाही, अशांसाठी तो आहे. तिथे अडथळा खरोखर पार न होण्याजोगा होता हे पटवून द्यावं लागतं, त्यामुळे तो सोपा नाही, पण आहे. ऑस्ट्रेलियातली नात्याची नोंदणी हीही याच कोड्यातून सुटण्याची एक वाट.

केवळ व्हिसासाठी घाईने लग्न करावं का, असं जोडपी विचारतात. नातं पक्कं असेल आणि जायचा देश फक्त लग्नच मानत असेल, तर लग्नाची तारीख अलीकडे आणण्यात काहीही गैर नाही. कायद्याला खोटं लग्न चालत नाही. लवकर केलेलं चालतं. फोनवरून किंवा प्रतिनिधी उभा करून केलेल्या लग्नापासून मात्र दूर राहा. कॅनडाने २०१५ पासून इमिग्रेशनसाठी अशी लग्नं मानणं थांबवलं आहे.

समलिंगी जोडप्यांना यात दुहेरी काळजी असते, कारण लग्न जिथे झालं तिथे वैध असलं तरी जायच्या देशाने ते मानायला हवं. अमेरिकेत २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशा विवाहित जोडप्यांचे अर्ज इतरांसारखेच घेतले जाऊ लागले. युरोपीय न्यायालयाने २०१८ मध्ये रोमेनियाच्या एका खटल्यात ठरवलं की एका सदस्य देशात वैध झालेला समलिंगी विवाह रहिवासाच्या हक्कापुरता सर्वच सदस्य देशांनी मान्य करावा, मग त्यांच्या स्वतःच्या कायद्यात तसा विवाह असो वा नसो.

आमचं नातं खरं आहे, मग पुरावे कशाला?

कारण समोर बसलेल्या अधिकाऱ्याला तुम्ही दिसत नाही, फाइल दिसते. हे अपमानास्पद वाटतं. आपल्या खासगी गप्पा आणि फोटो परक्या माणसापुढे मांडायचे, कोण कोणाला आधी काय म्हणालं ते लिहून द्यायचं, यात मनाला टोचणारं बरंच काही आहे. तरीही रागाच्या भरात फाइल अर्धवट ठेवू नका.

पुराव्यांत संख्येपेक्षा काळाचा सलगपणा महत्त्वाचा. एकाच सहलीचे शेकडो फोटो फार काही सांगत नाहीत. नात्याच्या प्रत्येक टप्प्यातलं थोडंथोडं हवं: दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकाच पत्त्यावर दोघांना आलेली पत्रं, एकमेकांना पाठवलेले पैसे, विम्यात किंवा बँकेत लावलेलं नाव, प्रवासाची तिकिटं, दोन्हीकडच्या नातेवाइकांसोबतचे प्रसंग. मधे काही महिने वेगळे राहिला असाल तर ते लपवू नका. का वेगळं राहावं लागलं आणि त्या काळात संपर्क कसा ठेवला, हे सरळ लिहा. न सांगितलेला खंड संशय वाढवतो.

सर्वांत जास्त अडकवते ती विसंगती. वर्षापूर्वी टुरिस्ट व्हिसाच्या फॉर्ममध्ये तुम्ही सवयीने ‘अविवाहित’वर खूण केली, आणि आता म्हणताय की त्या वेळी आम्ही लग्नासारखे एकत्र राहत होतो. अधिकाऱ्याकडे जुना फॉर्म असू शकतो. म्हणून नवा अर्ज भरण्याआधी दोघांनी आपापले जुने सगळे अर्ज काढून तारखा जुळवून घ्याव्यात, आणि जे जुळत नाही त्याचा खुलासा स्वतःहून जोडावा. कॅनडाचा एक नियम इथे विसरू नका. स्वतः कायमचा रहिवासी होताना जोडीदार असूनही तो जाहीर केला नसेल, तर पुढे त्याला कुटुंबाचा सदस्य म्हणून स्पॉन्सर करण्याची वाट सहसा बंद होते.

विवाहाचा दाखला ज्या देशातला असेल त्या देशाकडून प्रमाणित करून घ्यावा लागतो. १९६१ च्या हेग करारात सामील देशांमध्ये यासाठी सहसा अपोस्टिल हा एकच शिक्का पुरतो. करारात नसलेल्या देशासाठी परराष्ट्र खातं, मग वकिलात अशी साखळी लागते. पोलिस दाखला आणि वैद्यकीय तपासणी यांना मुदत असते, म्हणून ती कामं फार आधी उरकून ठेवू नयेत.

टुरिस्ट म्हणून जाऊन तिथेच लग्न केलं तर?

हा सल्ला सगळीकडे मिळतो, आणि तो धोक्याचा आहे. ब्रिटनमध्ये पाहुण्याच्या व्हिसावर असताना जोडीदाराच्या व्हिसावर देशातल्या देशात बदलता येत नाही. बाहेर जाऊन अर्ज करावा लागतो. ऑस्ट्रेलिया काही पाहुण्यांच्या व्हिसावर ‘यापुढे मुक्काम नाही’ अशी अट घालते, मग आतून अर्जच करता येत नाही. अमेरिकेत लग्न करून राहण्याचा हेतू मनात ठेवून, पर्यटनाचं कारण सांगून प्रवेश केला, तर ती खोटी माहिती ठरू शकते आणि पुढचा प्रवेश कायमचा बंद होऊ शकतो. आत आल्यावर ९० दिवसांच्या आत लग्न करून तिथेच मुक्काम केला, तर व्हिसा अधिकारी मूळ हेतू खोटा होता असं गृहीत धरू शकतात.

पैसा कोणाचा मोजतात?

इथे देशोदेशी कमालीचा फरक आहे. ब्रिटनमध्ये बाहेरून अर्ज करताना येणाऱ्या जोडीदाराचा परदेशातला पगार धरत नाहीत, मग तो कितीही मोठा असो. बोलावणाऱ्याचं उत्पन्न मोजतात. उत्पन्न नसेल आणि निव्वळ बचतीवर भागवायचं असेल, तर ८८,५०० पौंड दाखवावे लागतात. म्हणूनच परदेशात एकत्र राहणाऱ्या अनेक जोडप्यांत ब्रिटिश जोडीदार आधी परततो, नोकरी धरतो आणि मग दुसऱ्याला बोलावतो. महिनोन्महिने वेगळं राहण्याची ही सक्ती मला अन्यायाची वाटते, पण नियम आहे तोवर बेत त्याला धरूनच आखावा लागतो.

कॅनडात जोडीदारासाठी सहसा किमान उत्पन्नाची अट नाही. त्याऐवजी तीन वर्षं त्याचा मूलभूत खर्च उचलण्याची लेखी हमी द्यावी लागते. ऑस्ट्रेलियातही उत्पन्नाचा आकडा नाही, मात्र अर्जाचं शुल्क नऊ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक आहे. अमेरिकेत सरकारी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्नाची हमी लागते, आणि ती हमी घटस्फोटानंतरही संपत नाही. सही करणाऱ्याने हे आधी वाचलेलं असावं.

डिपेंडंटला नोकरी करता येते का?

व्हिसा मिळाला की जोडपी सुस्कारा सोडतात आणि हा प्रश्न विमानात बसल्यावर आठवतो. अमेरिकेत एच-वन-बी नोकरदाराच्या जोडीदाराला एच-फोर व्हिसावर काम करता येतं ते फक्त काही परिस्थितींत, मुख्यतः नोकरदाराच्या ग्रीन कार्डचा अर्ज ठरावीक टप्प्यावर पोहोचला असेल तेव्हा. ही मुभाही २०१५ पासूनची. विद्यार्थ्याच्या जोडीदाराला तिथे कामाची परवानगीच नाही. कंपनीअंतर्गत बदलीवर एल-वन व्हिसाने गेलेल्याच्या जोडीदाराला मात्र आहे. म्हणजे एकाच देशात, एकाच पगारावर, कंपनीने कोणता व्हिसा निवडला त्यावर दुसऱ्याचं करिअर चालू राहील की थांबेल हे ठरतं. जर्मनीत जोडीदाराला आल्यापासून काम करता येतं. स्पॉन्सरकडे युरोपीय ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदाराचा परवाना असेल, तर ती ए-वनची परीक्षाही माफ असते. सिंगापूरमध्ये २०२१ पासून डिपेंडंटला नोकरीसाठी स्वतःचा वेगळा वर्क पास लागतो.

दोघांपैकी एकाचं काम थांबणार असेल, तर ‘आधी जाऊ, मग बघू’ हे उत्तर मला मान्य नाही. बघण्याची वेळ येते तेव्हा तो माणूस परक्या देशात, स्वतःच्या कमाईशिवाय, दुसऱ्याच्या परवान्यावर राहत असतो.

आणि नातं तुटलं तर?

हे विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. जोडणी सुटल्यावर डब्याचं काय होतं हे प्रत्येक कायद्यात लिहिलेलं असतं, ते वाचायचं एवढंच.

जर्मनीत वैवाहिक सहजीवन तिथे तीन वर्षं झालं असेल, तर जोडीदाराला सहसा स्वतंत्र रहिवासाचा हक्क मिळतो. युरोपीय संघाच्या कायद्यात लग्न तीन वर्षं टिकलं असेल आणि त्यातलं एक वर्ष त्या देशात गेलं असेल, तर घटस्फोटानंतरही राहता येतं. अमेरिकेत प्रवेशाच्या वेळी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड दोन वर्षांच्या अटीवर मिळतं आणि ती अट काढण्यासाठी सहसा दोघांनी मिळून अर्ज करावा लागतो. कॅनडातही नव्या जोडप्यांना दोन वर्षं एकत्र राहण्याची अट होती. छळ सोसणारी माणसं देशाबाहेर काढलं जाण्याच्या भीतीने घर सोडत नाहीत, हे ध्यानात घेऊन ती २०१७ मध्ये रद्द केली. अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या दोन्ही देशांत घरगुती हिंसा सोसणाऱ्या जोडीदाराला स्पॉन्सरच्या मदतीशिवाय अर्ज पुढे नेण्याची कायदेशीर तरतूद आहे. डिपेंडंटला हे स्वतःला माहीत असायला हवं, स्पॉन्सरकडून ऐकून नव्हे.

स्पॉन्सरची नोकरी गेली तरीही दोघांचे परवाने एकत्रच धोक्यात येतात. म्हणून दोघंही स्वतंत्रपणे पात्र ठरत असतील, तर चौथी शक्यता महाग आणि वेळखाऊ असली तरी गांभीर्याने तपासा. ती परवडत नसेल, तर कंपनीच्या नोकरीच्या पत्रावर सही करण्याआधी मनुष्यबळ विभागाकडून चार गोष्टी लेखी मागा: जोडीदाराला कोणता परवाना मिळेल, त्यावर काम करता येईल का, त्याचा अर्ज तुमच्याबरोबरच जाईल की मागाहून, आणि नोकरी मुदतीआधी संपली तर दोघांना देश सोडायला किती दिवस मिळतील. नवी अट घालून घ्यायची तर ती सहीआधीच, आणि या लेखी उत्तराची एक प्रत डिपेंडंटच्या स्वतःच्या फाइलमध्ये ठेवावी.